यूरिया संश्लेषण

अमोनियम सायनेट या लवणाचे यूरियात रूपांतर होण्याची विक्रिया. व्यापक अर्थाने यूरिया कृत्रिम रीतीने बनविण्याच्या सर्व पद्धती. शालेय पाठ्यपुस्तकांत कार्बनी रसायनशास्त्राची सुरुवात बहुधा या विक्रियेनेच होते आणि तिच्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमजही तिथेच रुजतो. यूरियाचा खत म्हणून वापर सर्वपरिचित असल्याने येथे त्याचा विस्तार केलेला नाही.

यूरिया मूत्रातून प्रथम कोणी वेगळा केला याविषयी एकमत नाही. डच वैद्य हेर्मान बूरहाव्हे यांनी १७२७च्या सुमारास मूत्रातील एका ‘लवणा’चे वर्णन केले आहे. जुने संदर्भग्रंथ मात्र शोधाचे श्रेय फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रुएल यांना (१७७३) देतात. बूरहाव्हे यांनी वर्णिलेले गुणधर्म यूरियाशी बरेच जुळत असल्याने पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. सध्याचे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस फूरक्रॉय व व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वापरलेल्या फ्रेंच नावावरून आले.

व्होलर यांचा प्रयोग : जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख व्होलर बर्लिनच्या एका तांत्रिक विद्यालयात शिकवीत असताना त्यांनी सिल्व्हर सायनेटवर नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) आणि लेड सायनेटवर अमोनियाची विक्रिया केली. हवे होते अमोनियम सायनेट. हाती आले रंगहीन स्फटिक, ज्यांत सायनेटचा एकही गुण नव्हता. असेच स्फटिक त्यांना १८२४ मध्येही दिसले होते, पण तेव्हा उलगडा झाला नव्हता. नायट्रिक अम्ल घालताच चकचकीत पापुद्रे पडले. मूत्रातील यूरियाही नेमके हेच करतो. २२ फेब्रुवारी १८२८ रोजी त्यांनी आपले गुरू बर्झीलियस यांना लिहिलेल्या पत्रात, माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडावाचून आपण यूरिया बनवू शकतो, असे कळविले.

या प्रयोगाने ‘जीवनशक्ती सिद्धांत’ (सजीवांतील संयुगे केवळ जीवनशक्तीमुळेच घडतात हे मत) एका फटक्यात मोडीत निघाला, असे सर्रास सांगितले जाते. याला समकालीन पुरावा फारसा नाही. व्होलर यांच्या निबंधात त्या सिद्धांताचे खंडन नाही. उलट, आपले सायनेट मुळात प्राणिजन्य द्रव्यापासून केलेले असल्याने एखादा तत्त्वचिंतक आक्षेप घेईल, ही शंका त्यांनी त्याच पत्रात स्वतःच मांडली होती. बर्झीलियसही त्यानंतर जीवनशक्तीची भाषा करीतच राहिले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कोल्बे यांनी १८४५ मध्ये कार्बन डायसल्फाइडापासून ॲसिटिक अम्लापर्यंत मजल मारली. पुढे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेर्तलो यांनी अनेक संश्लेषणे केली. सिद्धांताची पीछेहाट या दीर्घ कालखंडात झाली असे मानणे सयुक्तिक ठरते. व्होलर यांच्या निधनानंतर (१८८२) रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी लिहिलेल्या गौरवलेखाने आख्यायिकेला बळ मिळाले असावे. विज्ञानेतिहासकार डग्लस मॅकी यांनी १९४४ मध्ये तिचा समाचार घेतला, तरी क्रमिक पुस्तके अजून तीच गिरवितात.

समकालीनांना खरे आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. अमोनियम सायनेट व यूरिया या दोहोंत कार्बन व ऑक्सिजन यांचा एकेक, नायट्रोजनाचे दोन आणि हायड्रोजनाचे चार अणू असतात. फरक आहे तो मांडणीचा. सिल्व्हर सायनेट आणि लीबिक यांचे स्फोटक सिल्व्हर फल्मिनेट यांच्यावरून असाच पेच आधी उद्भवला होता. १८३०च्या सुमारास बर्झीलियस यांनी या प्रकाराला समघटकता हे नाव दिले.

विक्रिया वाटते तितकी सरळ नाही. अमोनियम सायनेट प्रथम अमोनिया आणि आयसोसायनिक अम्ल यांत विभागते, मग अमोनियातील नायट्रोजन त्या अम्लातील कार्बनाशी जोडला जातो. ती उलटही फिरते. कोरड्या परीक्षानळीत यूरिया तापविल्यास तो सुमारे १३३° से. ला वितळतो. पुढे तापवीत राहिल्यास अमोनियाचा झोंबणारा वास येतो, तोंडाशी धरलेला ओला तांबडा लिटमस निळा होतो आणि नळीतील द्रव पुन्हा घट्ट होऊ लागतो. यूरियाचे दोन रेणू एक अमोनिया गमावून जोडले गेल्याने येथे बाययूरेट तयार होते. ते पाण्यात विरघळवून दाहक सोडा आणि मोरचुदाच्या विद्रावाचा थेंब घातल्यास जांभळट रंग येतो. प्रथिनांची ‘बाययूरेट परीक्षा’ ती हीच. मात्र प्रथिनांत बाययूरेट नसते, त्यांच्यातील पेप्टाइड बंध (ॲमिनो अम्लांना जोडणारे बंध) तोच रंग देतात. खतात बाययूरेट जास्त झाल्यास पानांवरील फवारणी पिकांना, विशेषतः संत्रावर्गीय झाडांना, बाधते.

नामकरण : रूढ नाव यूरिया हेच आंतरराष्ट्रीय नामपद्धतीतही कायम आहे, कार्बामाइड हे पर्यायी नाव, तर कार्बॉनिक अम्लाचे डायअमाइड ही संरचनेची ओळख. अनुजातांत (यूरियापासून साधित संयुगांत) प्रतिस्थापी गट (हायड्रोजनाच्या जागी आलेला अणुगट) कोणत्या नायट्रोजनावर आहे हे सांगावे लागते. दोन मेथिल गट एकाच नायट्रोजनावर असणे आणि दोन्हींवर एकेक असणे, ही दोन निराळी संयुगे होत.

सजीवांत यूरिया सायनेटापासून बनत नाही. यकृतात ऑर्निथीन, सिट्रुलीन व आर्जिनीन या ॲमिनो अम्लांच्या चक्रातून तो तयार होतो. हे चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडले. बेडकाचे भैकेर (पाण्यातील पिल्ले) बहुतांशी अमोनिया उत्सर्जित करतात, प्रौढ बेडूक यूरिया. पक्षी यूरिक अम्लाचा मार्ग धरतात. यूरियाचे विघटन करणारे यूरिएज हे एंझाइम समनर यांनी १९२६ मध्ये, अबईच्या प्रजातीतील जॅक बीनपासून स्फटिकरूपात मिळविले. स्फटिकरूपात मिळालेले ते पहिले एंझाइम.

औद्योगिक उत्पादनात अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्यापासून उच्च दाबाखाली अमोनियम कार्बामेट बनते आणि त्यातून पाणी निघून यूरिया मिळतो. बॉश व मायझर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९२२ पासूनची. महाराष्ट्रात ट्रॉम्बे आणि अलिबागजवळील थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यांत यूरिया याच मार्गाने तयार होतो.