ग्लिसरीनचं पाणी आणि खरे अश्रू

कोल्हापूरजवळच्या मोरेवाडीच्या चित्रनगरीत शूटिंग पाहून आलेल्याला रडण्याचा प्रसंग कसा उभा राहतो, हे पक्कं ठाऊक असतं. नायिकेच्या डोळ्यांत ग्लिसरीन, भोवती दिवे आणि माणसांचा गराडा, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. महिनाभरानं तोच माणूस राजारामपुरीतल्या घरी टीव्हीसमोर बसतो आणि नेमक्या त्याच प्रसंगाला त्याचा गळा दाटून येतो. १९२९ साली ज्या शहरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तिथल्या लोकांना पडद्यामागचं सगळं माहीत आहे. तरी डोळे भरतातच.

कारण माहिती असणं आणि भावना जागी होणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वीडनमधल्या उल्फ डिमबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हसरा किंवा रागीट चेहरा सेकंदाच्या फक्त ३० सहस्रांश भागापुरता दाखवायचा आणि लगेच त्यावर निर्विकार चेहरा आणायचा. पहिला चेहरा दिसल्याची जाणीवही पाहणाऱ्यांना झाली नाही. पण हसऱ्या चेहऱ्याला गालाचा स्नायू किंचित ताणला गेला आणि रागीट चेहऱ्याला भुवया आकसणारा स्नायू. ‘हा तर अभिनय’ हा विचार मनात येण्याच्या आधीच आपला चेहरा समोरच्याला साथ देऊन मोकळा होतो. (या सगळ्याचं श्रेय ‘आरसा पेशीं’ना, म्हणजे स्वतः कृती करताना आणि तीच दुसऱ्याला करताना पाहूनही जाग्या होणाऱ्या मेंदूपेशींना, देण्याची पद्धत पडली आहे. माणसाच्या सहानुभूतीचा उलगडा तेवढ्यानं होतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही.)

चेहराही लागतोच असं नाही. हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडंतिकडं फिरणारी छोटी फिल्म दाखवली. पाहणाऱ्या ३४ जणींपैकी फक्त एकीनं ती भूमितीच्या भाषेत सांगितली. बाकीच्यांना त्यात भांडण, पाठलाग, दांडगाई दिसली.

चित्रपटापेक्षा मालिकेचा लळा जास्त का लागतो, याचं उत्तर बरंचसं तासांत आहे. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाच्या अंदाजानुसार नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मैत्रीला ९० आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक. आता जाहिराती वगळून २२ मिनिटांचा भाग धरा, आठवड्याला सहा. म्हणजे १३२ मिनिटं. ५० तास साधारण २३ आठवड्यांत भरतात, ९० तास ४१ आठवड्यांत आणि २०० तासांना पावणेदोन वर्षं लागतात. हॉलचे आकडे दोन्ही बाजूंच्या मैत्रीचे आहेत, मालिकेतली मैत्री एकतर्फी. म्हणून हा हिशेब ढोबळच. पण गल्लीतल्या किती शेजाऱ्यांना आपण वर्षाला शंभर तास देतो? या एकतर्फी नात्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ मध्ये केलं, टीव्ही अगदी नवा होता तेव्हा.

म्हणूनच मध्येच कलाकार बदलला की बिनसतं. नाव तेच, साडी तीच, सासू तीच. पण सवय झालेली असते ती त्या चेहऱ्याची, आवाजाची, बोलताना थबकण्याच्या लकबीची. ते तास नव्यानं मोजावे लागतात.

प्रसंग आपल्याला कसा धरतो, ते घरी तपासता येईल. न पाहिलेल्या भागातली पाच मिनिटं निवडा. एकानं ती आवाज बंद करून पाहावीत, दुसऱ्यानं पडद्याकडे पाठ करून नुसती ऐकावीत. कुठं मन हललं, ते मिनिट-सेकंदासह दोघांनी वेगवेगळं लिहावं. मग एकत्र पाहताना प्रत्येक क्लोजअप किती सेकंद टिकतो ते मोजा आणि पार्श्वसंगीत कुठं सुरू होतं ते टिपा. एकाच माणसानं दोन्ही गोष्टी केल्या तर प्रयोग फसतो, कारण दुसऱ्या खेपेला गोष्ट आधीच माहीत असते. मध्ये एकमेकांशी बोललात तरी तेच होईल.

मालिका संपल्यावर वाटणारी हुरहूरही खरीच असते. एका गाजलेल्या अमेरिकी मालिकेच्या शेवटानंतर इयाल आणि कोहेन यांनी केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दुःख खऱ्या ताटातुटीपेक्षा सौम्य आढळलं; मात्र एकाकी माणसांना ते जास्त जाणवलं. घरात एकट्या राहणाऱ्या आजीची मालिका संपली असेल, तर पुढचे काही आठवडे नेमक्या त्याच वेळेला तिला फोन करावा.