कोरून काढलेल्या कविता: जपानी निसर्गछापांची पार्श्वभूमी

जपानी चित्रकार हिरोशिगेच्या ‘ओमी हक्केई’ (ओमी प्रांतातले आठ देखावे) या लाकडी ठशांच्या मालिकेतला कारासाकी या ठिकाणचा छाप पाहा. अवाढव्य पाइनचा काळा आकार, त्यावर सरळ कोसळणारा रात्रीचा पाऊस आणि वर चौकटीत एक कविता. चित्र झाल्यावर शोभेला ओळी जोडल्या असाव्यात, असे वाटते. क्रम उलटा होता. ‘कारासाकीचा रात्रीचा पाऊस’, ‘मिईची सांजघंटा’, ‘इशियामाचा शरदाचा चंद्र’ ही नावे आणि त्यांवरच्या ३१ अक्षरी वाका कविता आधीपासून रूढ होत्या. हिरोशिगेची ही आठ चित्रे साधारण १८३४ सालची.

साचा मूळचा चीनचा. ११ व्या शतकात सोंग दी या चित्रकाराच्या नावाशी शियाओ-शियांग नद्यांच्या परिसरातले आठ देखावे जोडले गेले. जपानने तेच आठ भाव ओमीतल्या बिवा सरोवराकाठी बसवले. गावे बदलली, घंटा, पाऊस, परतणारी शिडे, उतरणारे रानहंस तेच.

एडोत (आजचे टोकियो) या साच्याला पैसा पुरवला तो क्योका कवींनी. क्योका म्हणजे वाकाच्याच मापातली थट्टा. १८३७-३८ च्या सुमाराची ‘एडो किन्को हक्केई’ (एडोच्या आसपासचे आठ देखावे) ही मालिका ताइहाइदो या क्योका कवीने हिरोशिगेकडून करवून घेतली. खासगी वाटपाच्या पहिल्या छापांत आभाळ कवितांनी भरलेले आहे. पुढे बाजारात विकायच्या छापांत त्यातल्या बऱ्याच गेल्या.

हे ठशावर कसे होते? कविता पातळ कागदावर लिहून तो कागद रानचेरीच्या फळीवर उलटा चिकटवतात आणि प्रत्येक फटकाऱ्याच्या दोन्ही बाजू कोरतात. मध्ये केसाएवढा कंगोरा उरतो, तीच अक्षराची रेघ. ती तासून टाकणे काही मिनिटांचे काम. नवी ओळ घालायची तर फळीत खळगा करून लाकडाचा तुकडा घट्ट बसवायचा आणि पुन्हा कोरायचे. म्हणून जास्त कवितांचा छाप सहसा आधीचा मानतात.

छापतानाही आधी बिघडतात ती अक्षरेच. शाई जास्त झाली की त्यांची वेटोळी भरतात. बारीक कंगोरे झिजून तुटतात. कागदाला सरस आणि तुरटीचे पाणी देऊन तो ओलसर ठेवतात. मध्येच सुकला तर आकसतो, मग कागद दर वेळी त्याच जागी यावा म्हणून फळीवर कोरलेल्या खुणेच्या खाचेत नीट बसवूनही रंग रेघेबाहेर जातो. पावसाच्या रेघांत ते खपून जाते, कवितेच्या चौकटीच्या कडेला लगेच दिसते.

होकुसाई या दुसऱ्या छापचित्रकाराने शंभर कवींच्या प्राचीन संग्रहावर १८३५-३६ मध्ये मालिका सुरू केली. छापली गेली ती २७ चित्रे. पण एक दाई कविता आपल्या परीने समजावते, ही त्याची कल्पना भलतीच मोकळी. संग्रहातल्या हितोमारो या कवीच्या कवितेत फेझंट पक्ष्याच्या लोंबत्या शेपटीएवढी लांब, एकट्याची रात्र आहे. चित्रात पक्षी नाहीच. कोळी जाळे ओढताहेत आणि शेकोटीचा धूर लांबच लांब वळत चालला आहे.