वर्गातील नामपट्ट्या

वर्गातील वस्तू, डबे, फळ्या, खुंट्या आणि कोपरे यांवर त्यांची नावे लिहून लावण्याची शालेय पद्धत. अंगणवाडी, बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत ती विशेष आढळते. कोणती वस्तू कुठे ठेवायची हे मुलांना कुणाला न विचारता कळावे आणि वापरता वापरता लेखी शब्दांची ओळख व्हावी, असे तिचे दोन हेतू आहेत. शिक्षकांचे लक्ष बहुधा दुसऱ्या हेतूकडे असते. पण पट्टीचे खरोखर काम पडले, तरच मूल ती वाचते.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक साधनाची जागा ठरलेली असते आणि काम झाले की मूल ते स्वतः जागेवर ठेवते. ओळखीच्या वस्तूंची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून त्या त्या वस्तूजवळ ठेवणे, हा तिथला वाचनाचा आरंभीचा पाठ होता. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण खेड्यापाड्यांतल्या आणि आदिवासी मुलांपर्यंत नेले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी परिसरातल्या वस्तू हाताशी घेतल्या. आजही अंगणवाडीच्या डब्यांत चिंचोके, मणी, खडे, काड्या असतात, आणि नामपट्टीची गरज पहिल्यांदा भासते ती या डब्यांनाच.

समजा, ‘मणी’ ही पट्टी डब्यावर आहे आणि फळीवर डब्याच्या जागीही आहे. वाचता न येणारे मूल दोन्ही पट्ट्यांचे आकार ताडून डबा जागेवर ठेवते. सुरुवातीला शब्दाशेजारी चित्र असते, काही आठवड्यांनी ते काढतात. शेजारी ‘माती’चा डबा असेल, तर नुसता ‘म’ पाहणारे मूल चुकते. मग त्याची नजर काना, ‘ण’ आणि ‘त’ यांच्याकडे वळते. एवढे बारकाईने पाहायला लावणारा तक्ता क्वचितच सापडेल.

शिक्षणहक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असल्यास दोन शिक्षक असतात. वाडीवस्तीवरच्या अशा शाळेत एकाच खोलीत तीन इयत्ता बसतात. गुरुजी तिसरीला गणित शिकवत असताना पहिलीची मुले आपले साहित्य आपणच काढू आणि ठेवू शकली, तर दोन्हींकडचे शिकणे अखंड चालते.

पट्टी मुलाच्या नजरेच्या उंचीवर हवी. छताजवळची पट्टी फक्त पाहुण्यांना दिसते. अक्षर ठळक, सुटे आणि शुद्ध असावे. ‘पाटी’, ‘खडू’ यांतले शेवटचे दीर्घ स्वर पट्टीवर चुकले, तर तीच चूक मुलांच्या डोळ्यांत वर्षभर बसते. लॅमिनेशन टिकते, पण खिडकीसमोर चकाकते. कोकणातल्या पावसाळ्यात चिकटपट्टी सुटते, तिथे पट्टी सुतळीने बांधलेली बरी.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी घरच्या भाषेतला शब्द देवनागरीत आणि त्याखाली मराठी शब्द, दोन रंगांत लिहिता येतात. घरचा शब्द गावातल्या माणसांकडूनच घ्यावा. दृष्टिहीन मुलांसाठी ब्रेल पट्टी लावायची, तर भिंतीपेक्षा फळीच्या पुढच्या कडेवर लावावी, कारण हात आधी तिथे पोहोचतो.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-लेखन आणि गणिताच्या केंद्रीय अभियानात मुद्रणसमृद्ध, म्हणजे जागोजागी लेखी शब्द दिसतील अशा, वर्गावर भर आहे. त्या उत्साहात भिंतीवर ‘भिंत’ आणि दारावर ‘दार’ अशा पट्ट्याही लागतात. दार शोधायला कुणाला पट्टी लागत नाही, म्हणून ती वाचलीही जात नाही. त्यापेक्षा थोड्याच, पण कामाच्या पट्ट्या ठेवाव्यात, निरुपयोगी झालेल्या काढाव्यात आणि साहित्याची जागा बदलली की पट्टीही हलवावी. दुसरीपासून नव्या पट्ट्या मुलांनीच लिहाव्यात आणि लावण्याआधी शिक्षकांनी त्या मुलांसोबत तपासाव्यात.