आधी आला त्याचं व्याकरण

मॉरिशसच्या जंगलांत लांब शेपटीची हजारो माकडं हिंडतात. ती मूळची तिथली नव्हेत. सुमारे ४०० वर्षांपूर्वी खलाशांनी आग्नेय आशियातून आणलेल्या थोड्याशा माकडांची ती संतती. आज संख्या वाढली, पण रक्तातली विविधता वाढली नाही. रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांच्या एका महत्त्वाच्या गटाचे या माकडांत मुख्यतः सातच संच सापडतात. आधी आलेले मूठभर जीव पुढच्या सगळ्या पिढ्यांचा पाया ठरवून टाकतात, याला जीवशास्त्रात 'संस्थापक परिणाम' म्हणतात.

सालिकोको मुफवेने या भाषाशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये हीच कल्पना क्रिओल भाषांना, म्हणजे वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांच्या सरमिसळीतून जन्मलेल्या नव्या भाषांना, लावली. ती तपासायला मॉरिशससारखी जागा नाही, कारण या बेटावर मूळ रहिवासीच नव्हते. कोण कधी आलं, याच्या नोंदी आहेत. आधी वसलेले डच १७१० मध्ये कायमचे निघून गेले. १७२१ पासून फ्रेंचांनी वसाहत उभी केली आणि मादागास्कर, मोझांबिक, पश्चिम आफ्रिकेतून गुलाम आणले. पाँडिचेरीकडचे कारागीरही आले. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या या माणसांना मालकाच्या फ्रेंचचे तुकडे हाताशी होते. त्यांतून दोन-तीन पिढ्यांत क्रिओल उभी राहिली.

तिला 'मोडकी फ्रेंच' म्हणणाऱ्यांनी तिचं क्रियापद पाहावं. 'मो मांझे' म्हणजे मी खातो. फ्रेंचसारखी रूपं पाठ करायची नाहीत. 'मो ती मांझे' म्हटलं की भूतकाळ, 'मो पे मांझे' म्हणजे खातोय, 'मो पू मांझे' म्हणजे खाईन. पण पुढे कर्म आलं की क्रियापदाचा शेवटचा स्वर गळतो: 'मो मांझ दिरी', मी भात खातो. हा नियम फ्रेंचमध्ये नाही. 'दिरी'तला 'दि' हा फ्रेंच उपपदाचा (नामाआधी येणाऱ्या छोट्या शब्दाचा) अवशेष, तो आता शब्दाला कायमचा चिकटला आहे. असे चिकटलेले शब्द मॉरिशसच्या क्रिओलमध्ये शेकड्यांनी आहेत. आफ्रिकेच्या बांटू भाषांत नामाआधी प्रत्यय लागतो, त्या सवयीचा हा परिणाम असावा, असं काही अभ्यासक मानतात. वाद आहे, पण मला हे पटतं.

खरी परीक्षा पुढे झाली. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली; १८३४ पासूनच ऊसमळ्यांसाठी करारबद्ध मजुरांची जहाजं हिंदुस्थानातून येऊ लागली होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर सुमारे साडेचार लाख माणसं उतरली. बहुतेक भोजपुरी बोलणारी. तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणी मुलखातले मराठीही. १८७१ पर्यंत बेटावरची साधारण दोन-तृतीयांश माणसं भारतीय होती. संख्याबळावरच भाषा ठरत असती, तर आज मॉरिशस भोजपुरी बोललं असतं. पण २०११ च्या जनगणनेत सुमारे ८४ टक्के लोकांनी घरची भाषा क्रिओल सांगितली. नवा मजूर मुकादमाकडून, शेजाऱ्याकडून, बाजारातून क्रिओलच शिकत होता. जागा आधीच भरलेली होती.

स्वयंपाकघरात मात्र उशिरा आलेल्यांनाही जागा मिळाली. चटणीला तिथे 'सातिनी' म्हणतात. नाक्यावर मिळणारी 'दालपुरी' तर सगळ्या धर्मांचे, सगळ्या वंशांचे लोक खातात: शिजवून वाटलेली पिवळी डाळ भरलेली मऊ पोळी, जणू गूळ विसरलेली पुरणपोळी, आणि सोबत 'रुगाय', म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा. व्याकरणाची घडी एकदा बसली की तीत बदल होणं कठीण. शब्द आणि पदार्थ मात्र कधीही आत येतात.

मराठी घरांतही रोजचं बोलणं आता बहुधा क्रिओलमध्येच चालतं. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते. २०१२ पासून क्रिओलही प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय झाली, पण पूर्वजांच्या भाषांच्याच रांगेत: त्यांतली एकच निवडायची. त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला पणजोबांची भाषा घ्यायची की आईशी ज्या भाषेत भांडतो ती, हे ठरवावं लागतं.