स्वतंत्र तह : इंग्रजांविरुद्धचा चतुःसंघ (१७८०–८४)

युद्ध चालू असताना दोस्तांना न विचारता शत्रूशी परभारे केलेला समेट म्हणजे स्वतंत्र तह. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात अशा समेटांनी एक अख्खी आघाडी उसवली.

१७८० च्या सुरुवातीस नाना फडणीसांनी हैदरअली, निजामअली आणि नागपूरकर मुधोजी भोसले यांना एकत्र आणले. हैदराने कर्नाटकावर (म्हणजे मद्रासभोवतीच्या अर्काटच्या मुलखावर), निजामाने उत्तर सरकारांवर (आंध्र किनाऱ्यावरच्या इंग्रजांच्या जिल्ह्यांवर), भोसल्यांनी बंगालवर चालून जावे. मुंबईकर इंग्रजांना पुणेकरांनी गुंतवावे, असे ठरले. प्रत्यक्षात निजाम आणि भोसले ढिलेच राहिले, हैदर मात्र नेटाने लढला.

बंगालचा इंग्रज गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने प्रत्येकाचे दुखणे वेगळे हेरले. मद्रासकर इंग्रजांनी निजामाचा भाऊ बसालतजंग याच्याकडून गुंटूर परस्पर घेतल्याचा निजामाला राग होता. गुंटूर परत मिळताच तो थंडावला. भोसल्यांची फौज मुधोजीचा मुलगा चिमणाजी याच्या हाताखाली कटकपर्यंत आली, पण रेंगाळत. मुधोजीला पुण्याशी बिघाड नको होता आणि बंगालशी लढाईही. हेस्टिंग्जने त्या फौजेकडे आधी गुपचूप ३ लाख रुपये पोचवले, १७८१ मध्ये १३ लाख दिले.

महादजी शिंद्यांना पैशाने वळवणे शक्य नव्हते. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रज सेनानी पॉपमने शिंद्यांचे ग्वाल्हेर घेतले, पुढे माळव्यातही दाब वाढला. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी कर्नल म्यूरशी करार झाला: इंग्रजांनी यमुनेपलीकडे जावे, शिंद्यांनी उज्जैनीस, आणि पेशव्यांशी मध्यस्थी महादजींनी करावी. खरी मेख या शेवटच्या कलमात होती. दोस्तच मध्यस्थ झाला की फितुरीचा बोभाटा होत नाही, उलट त्याचे वजन वाढते.

इंग्रजांकडेही गोंधळ होताच. इंग्रज सेनापती गॉडर्ड पुण्याशी थेट बोलू पाहत होता, मद्रासकरांनी पेशव्यांना वेगळे पत्र धाडले. एवढी तोंडे बोलू लागली की समोरचा थांबून सर्वांत स्वस्त अटीची वाट पाहतो. नाना तर हैदराला वगळून तह करायलाच तयार नव्हते.

१७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने इंग्रज आणि पेशवे यांच्यात सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, भडोच शिंद्यांना मिळाले, राघोबादादांना दरमहा २५,००० रुपये ठरले. हैदराने जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा असेही कलम होते. पण हैदर या तहात सामीलच नव्हता. नानांनी मंजुरी लांबवली, हैदराला झुलवत ठेवले. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि २० डिसेंबरला पुण्याची मंजुरी झाली. टिपू लढतच राहिला. मार्च १७८४ मध्ये इंग्रजांनी मंगळूरला त्याच्याशी तह केला, तेव्हा त्यांनी पुण्याला बाजूलाच ठेवले.