पाळीचं रक्त पोटात तर बहुतेकींच्या जातं, मग एन्डोमेट्रिओसिस काहींनाच का?

एन्डोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर, पोटात वाढायचा दुखरा आजार. आमच्या इंदूरला मराठी घरांत त्याचं नाव निघालं की दोन वाक्यं ठरलेली आहेत, "हार्मोन बिघडलेत" आणि "एक मूल झालं की आपोआप बरं होईल". त्यातलं दुसरं सोडूनच द्या, मूल झाल्यावरही दुखणाऱ्या बायका मला रामबागेतल्या रामबागेत सापडतील. पण हल्ली तिसरी गोष्ट कानावर यायला लागलीये, की हा सुजेचा आणि इम्यून सिस्टिमचा आजार आहे, आणि रीलवाले लगेच त्यावर हळदीच्या कॅप्सूल विकायला बसलेत. मुद्दा खोटा नाहीये, पण तो कालपरवाचा पण नाहीये, ह्याच्या मागे चाळीस वर्षांपेक्षा जास्त काम आहे आणि त्यात बऱ्याच आशा फुकट पण गेल्यात.

सुरुवात अमेरिकेतल्या अल्बनीच्या जॉन सॅम्पसन नावाच्या सर्जनपासून करावी लागते. 1921 मध्ये त्यांनी ओव्हरीतल्या त्या सिस्टवर लिहिलं ज्यांना आजही चॉकलेट सिस्ट म्हणतात, आत जुनं साचलेलं रक्त, घट्ट, तपकिरी. पुढे 1927 मध्ये त्यांनी मांडलं की पाळीचं काही रक्त बाहेर न जाता नळ्यांमधून उलटं पोटात जातं, त्याच्याबरोबर गर्भाशयाच्या अस्तराचे कण जातात आणि तिथे रुजतात. सगळ्यांना पटलं असं नाही, पोटाच्या आतल्या पेशीच रूप बदलून तसं अस्तर बनवतात असं म्हणणारे जर्मनीचे रॉबर्ट मायर होतेच, आणि क्वचित पुरुषांतही हा आजार सापडलाय त्याचं उत्तर सॅम्पसनकडे नाहीच. तरी मोठा भाग सॅम्पसनच्याच बाजूने गेला.

घोळ झाला 1984 ला. हाल्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीच्या दिवसांत लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने पोटात बघणं, झालेल्या बायकांच्या पोटातलं पाणी तपासलं, तर ज्यांच्या नळ्या उघड्या होत्या त्यांच्यातल्या 90 टक्के बायकांच्या पोटात रक्त. म्हणजे उलटं रक्त जाणं हा आजार नाहीच, ती जवळजवळ सगळ्यांची रोजची, म्हणजे दर महिन्याची गोष्ट आहे. आणि आजार जगात पाळीच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायकांना, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा 19 कोटींचा आहे. मग बाकीच्यांच्या पोटातले ते कण जातात कुठे? उत्तर सरळ होतं, शरीर साफ करतं. म्हणून सगळ्यांची नजर साफ करणाऱ्यांकडे वळली.

खरं तर ती थोडी आधीच वळली होती. 1981 मध्ये शिकागोच्या डमॉव्स्कींनी माकडांवर एक प्रयोग केला, माकडांनाही पाळी येते आणि काहींना हा आजार आपोआप होतो. त्यांच्याच अस्तराचा अर्क त्यांच्या कातडीत टोचला, तर आजारी माकडांची कातडी कमी चिडली, म्हणजे इम्यून सिस्टिमचं लक्षच कमी. मग 1991 मध्ये बेल्जियमच्या लूवेनमधून आलं की आजार असलेल्या बायकांत एनके पेशी, ज्या नको त्या पेशी मारतात, त्या अस्तराच्या पेशी मारण्यात ढिल्या पडतात. तर एक चित्र झालं की पहारा झोपलेला आहे.

पण त्याच 1981 मध्ये हेनी आणि मंडळींनी पोटातल्या पाण्यातल्या पेशी मोजल्या होत्या आणि आजार असलेल्यांत मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळून साफ करणाऱ्या पेशी, कमी नाही, जास्त निघाले! दोन वर्षांनी हाल्मेंनी दाखवलं की ते नुसते जास्त नाहीत, चिडलेले पण आहेत. मला ह्या सगळ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण इथे प्रश्नच उलटा झाला. आपल्या इंदूरवाल्यांना समजेल असं सांगायचं तर कचरागाडी आली नाही असं नाहीये, गाडी दारात उभी आहे, रोज येते, पण कचरा उचलण्याऐवजी तिथेच खत टाकून जाते.

खत म्हणजे काय काय? हे मॅक्रोफेज टीएनएफ, इंटरल्यूकिन 1, 6, 8 असे संदेश सोडतात ज्याने आणखी पेशी धावत येतात, व्हीईजीएफ सोडतात ज्याने रुजलेल्या अस्तराच्या ठिपक्याला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि जुन्या रक्तातलं लोह तिथे साचून आग आणखी भडकवतं. दर महिन्याला तेच, मग बरं होताना अवयव एकमेकांना चिकटतात. माझ्या मावसबहिणीच्या ऑपरेशनच्या सीडीत बघितलंय मी, काडेपेटीने चटका दिल्यासारखे काळे ठिपके आणि आतडं गर्भाशयाच्या मागे असं चिकटलेलं की मधली जागाच गायब.

हार्मोन विरुद्ध सूज हे भांडण पण 1990 च्या दशकात बरंचसं मिटलं. बुलुन यांच्या ग्रुपने 1997 मध्ये दाखवलं की प्रोस्टाग्लँडिन ई2, म्हणजे सुजेचाच माल, त्या ठिपक्यांत ॲरोमाटेज चालू करतो, ॲरोमाटेज तिथल्या तिथे इस्ट्रोजेन बनवतो, आणि इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढवतो. ओव्हरीकडून यायची वाट बघायला नको, दुकान जागेवरच. पर्समध्ये असते ती मेफ्टालची गोळी ह्याच साखळीत बोट घालते, नवीन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. बनलेलं मात्र पुसत नाही, म्हणून कळ सुरू होताहोताच घेतली तर जास्त लागू पडते, तासभर तळमळून घेतली तर कमी. आणि ठिपका ती काढत नाहीच. नसांचं पण आहे, 2019 मध्ये एडिनबरोमधून आलं की मॅक्रोफेजच आयजीएफ-1 नावाचा वाढीचा संदेश सोडून तिथे नसा वाढवतात, म्हणजे दुखणं "मनाचं" नाही हो, वायरिंगच जास्त आहे.

मग सुजेवरचं औषध द्या आणि विषय संपवा, असं वाटलंच लोकांना. बबून माकडांत टीएनएफ अडवल्यावर फरक दिसला होता. 2008 मध्ये लूवेनच्याच कोनिन्क्स यांनी खोलवरचा आजार असलेल्या बायकांना संधिवातातलं, टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब देऊन बघितलं, दुखणं नुसत्या खोट्या औषधाइतकंच कमी झालं. एक संदेश बंद केला तरी बाकीचे दहा चालूच असतात.

ऑटोइम्यून म्हणायचं का, हा वाद 1987 पासून आहे. शरीर स्वतःवर उलटतंय असा पक्का पुरावा नाही, पण 2025 मध्ये ऑक्सफर्डच्या टीमने ब्रिटनच्या मोठ्या डेटावर काढलं की ह्या बायकांना संधिवात, सोरायसिस, सीलिएकसारखे आजार असण्याची शक्यता 30 ते 80 टक्क्यांनी जास्त. आणि 2023 मध्ये जपानच्या नागोयाहून फ्युझोबॅक्टेरियम नावाचा जंतू आला, आजार असलेल्या 64 टक्के बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तरात, नसलेल्यांत 10 टक्क्यांहून कमी. उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर ठिपके घटले. उंदरांना. मेडिकलवर जाऊन स्वतःच कोर्स मागू नका, प्लीज.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे अजून सर्रास होते. त्याच मावसबहिणीला एका डॉक्टरांनी सीआरपी (रक्तातली सुजेची तपासणी) नॉर्मल आहे, सूज नाही, असं सांगून दोन वेळा घरी पाठवलं. ही सूज ओटीपोटातल्या त्या जागेपुरती असते, रक्तात उतरेलच असं नाही, आणि 2022 च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की रक्तातल्या कुठल्याही मार्करवर हे निदान करू नका, सीए-125 वर सुद्धा नाही. त्याच गाइडलाइनने आधी लॅप्रोस्कोपी केलीच पाहिजे हा हट्ट पण सोडलाय, लक्षणं बघून आणि सोनोग्राफी, एमआरआय करून औषध सुरू करता येतं. ते औषध आजही हार्मोनचंच असतं, डायनोजेस्ट वगैरे. फक्त इम्यून सिस्टिमवर काम करणारी, ह्या आजारासाठी मंजूर झालेली गोळी अजून बाजारात नाही.