अमेरिकन किशोर साहसकादंबरी (एकोणिसावे शतक)

अमेरिकेत साधारण १८५० ते १९०० या काळात दहा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी, त्यातही मुलग्यांसाठी, लिहिल्या गेलेल्या साहसप्रधान कादंबऱ्यांचा वर्ग. समुद्र, पश्चिमेची सरहद्द, यादवी युद्ध, सोन्याच्या खाणी आणि शतकाच्या अखेरीस वाफेवर व विजेवर चालणारी यंत्रे ही या कादंबऱ्यांची ठरलेली क्षेत्रे. नायक बहुधा पोरका किंवा बापाविना वाढलेला, वयाने चौदा-पंधराचा, हाताने कसबी आणि प्रसंग पडला की वडीलधाऱ्यांच्या चार पावले पुढे असणारा. यांतली मोजकी पुस्तके आज साहित्य म्हणून वाचली जातात. बाकीची शेकडो विस्मरणात गेली. तरीही त्यांचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे, कारण मुलांनी निव्वळ मजेखातर वाचावे की नाही हे भांडण अमेरिकेत याच पुस्तकांवरून जुंपले. त्या भांडणात पुस्तकात काय आहे यापेक्षा ते कितीला मिळते, याचेच वजन अनेकदा जास्त पडले.

त्याआधीचे अमेरिकन बालसाहित्य म्हणजे बोधाचा काढा. सॅम्युएल गुडरिचच्या ‘पीटर पार्ली’ माला (१८२७ पासून) आणि जेकब ॲबटची ‘रोलो’ पुस्तके (१८३५ पासून) मुलांना भूगोल, नीती आणि आज्ञाधारकपणा शिकवत. अमेरिकन मिशनने मुंबईतून मराठी मुलांसाठी चालवलेले ‘बालबोधमेवा’ हे मासिक याच उपदेशी घराण्यातले. साहसकादंबरी मात्र मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यातून इकडे आली नाही. साहसाची तहान अमेरिकन मुले मोठ्यांच्या पुस्तकांवर भागवत. जेम्स फेनिमोर कूपरच्या रानवाटांवरच्या कादंबऱ्या (१८२३–४१) प्रौढांसाठी होत्या, पण त्या मुलांच्या हाती लागल्याच. मेक्सिकोच्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेला आयरिश लेखक मेन रीड याच्या शिकारकथाही अमेरिकेत आवडीने वाचल्या जात.

खास मुलांसाठी साहसकथांचा कारखाना उभारण्याचे श्रेय प्रामुख्याने विल्यम टेलर ॲडम्स (१८२२–९७) या शिक्षकाकडे जाते. बॉस्टनच्या शाळांत त्याने सुमारे वीस वर्षे शिकवले, मुख्याध्यापकही झाला. लिहिताना त्याने ‘ऑलिव्हर ऑप्टिक’ हे टोपणनाव घेतले. त्याच्या ‘द बोट क्लब’ (१८५५) या पुस्तकात एक सधन कप्तान आपल्या मुलाला व त्याच्या मित्रांना वल्ह्यांची होडी देतो. मुले होडीवर चढण्याआधी काय करतात, तर मंडळाची घटना लिहितात आणि पदाधिकारी निवडतात! समोरच्या दांडगट टोळीशी होणारी चढाओढ त्यानंतर. मास्तर कुठेही गेला तरी खडू खिशात असतोच. ऑप्टिकने पुढे शंभरावर पुस्तके लिहिली. ती बहुधा सहा-सहाच्या मालांत, बॉस्टनच्या ली अँड शेपर्ड या प्रकाशनाकडून कापडी बांधणीत निघत. एका पुस्तकाच्या शेवटी पुढच्याची जाहिरात असे आणि एक खंड वाढदिवसाला मिळाला की उरलेल्या पाचांसाठी हट्ट सुरू होई. १८६७ ते १८७५ या काळात त्याच्या नावाचे मुलांचे नियतकालिकही चालले.

‘हॅरी कॅसलमन’ या नावाने लिहिणारा चार्ल्स ऑस्टिन फॉसडिक (१८४२–१९१५) वेगळ्या घडणीचा. यादवी युद्धात तो मिसिसिपी नदीवरच्या उत्तरेच्या आरमारात होता. त्याचे ‘फ्रँक ऑन अ गनबोट’ १८६४ मध्ये, म्हणजे तोफा अजून थंड झाल्या नव्हत्या तेव्हाच बाजारात आले. मुलांना सुंदर गद्य नको असते, साहस हवे असते आणि हस्तलिखितात ते जितके जास्त कोंबाल तितके चांगले, असे त्याचे मत सांगितले जाते. त्याची पुस्तके वाचली की हे मत पटो न पटो, त्याने ते पाळले एवढे नक्की.

याच सुमारास दुसरी, स्वस्त शाखा फुटली. न्यूयॉर्कच्या बीडल प्रकाशनाने जून १८६० मध्ये ‘डाइम नॉव्हेल’ सुरू केली. डाइम म्हणजे दहा सेंटचे नाणे. पुस्तक तळहाताएवढे, सुमारे शंभर पानांचे, फिकट नारिंगी कागदी वेष्टनाचे. पहिले पुस्तक ॲन सोफिया स्टीव्हन्स या बाईंचे होते: ‘मालाएस्का’, एका गोऱ्या शिकाऱ्याशी लग्न केलेल्या आदिवासी स्त्रीची कथा. तीही नवी नव्हती. १८३९ मध्ये एका मासिकात येऊन गेली होती. त्या वेळी परदेशी लेखकांना अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षण नसल्यामुळे इंग्लंडच्या कादंबऱ्या फुकट छापता येत. १८९१ च्या कायद्यापर्यंत ही लूट चालू होती. अशा बाजारात बीडलने देशी लेखकांना पैसे मोजून देशी कथा विकल्या आणि त्या खपल्या. युद्धाच्या छावण्यांतून सैनिक त्या वाचत आणि सैनिकांतले कितीतरी जण स्वतःच मिसरूड न फुटलेले होते.

खरा धमाका उडवला तो त्याच वर्षी आलेल्या ‘सेथ जोन्स; ऑर, द कॅप्टिव्ह्ज ऑफ द फ्रंटियर’ने. (‘ऑर’ने जोडलेली दुहेरी शीर्षके ही त्या काळची फॅशन. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ही पूर्ण नावात ‘अथवा’ घेऊनच अवतरले होते.) लेखक एडवर्ड एलिस हा विशीतला शाळामास्तर. पुस्तक येण्याआधी भिंतींवर आणि वर्तमानपत्रांत एवढाच मजकूर झळकला: ‘सेथ जोन्स कोण?’ लोकांची उत्सुकता ताणून झाल्यावर केसाळ कातड्याची टोपी घातलेल्या शिकाऱ्याचे चित्र आले, ‘मी सेथ जोन्स’ असे सांगणारे. कथा न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातली, मोहॉक लोकांनी पळवलेल्या मुलीच्या सुटकेची. गावरान बोलणारा वेडगळ सेथ हा शेवटी वेष पालटलेला सभ्य गृहस्थ निघतो. ही युक्ती पुढे शेकडो वेळा वापरली गेली.

एलिसचेच ‘द स्टीम मॅन ऑफ द प्रेअरीज’ (१८६८) हे तर नव्या उपशाखेचे मूळ. नायक जॉनी ब्रेनर्ड हा कुबड असलेला, खुजा, पण यंत्रात डोके चालणारा मुलगा. तो दहा फूट उंचीचा लोखंडी माणूस बनवतो. पोटात बॉयलर, डोक्यावर उंच टोपी आणि ती टोपी म्हणजेच धुराडे. हा माणूस धाडधाड पावले टाकत चार चाकांची गाडी ओढतो. गाडीत जॉनी, त्याचे सोबती आणि जळणाची लाकडे. वाटेत पाणी भरायला थांबावे लागते, लाकूड संपत आले की छातीत धस्स होते. अद्भुत यंत्राला पाणी-लाकडाची ही काळजी चिकटवल्यामुळेच ते खरे वाटते. कल्पना पूर्ण हवेतली नव्हतीच. त्याच वर्षी नूअर्क गावात झॅडॉक डेडरिक नावाच्या कारागिराने खराखुरा वाफेचा माणूस बनवून पेटंट घेतले होते. कादंबरीच्या शेवटी शत्रूंनी कोंडी केल्यावर जॉनी बॉयलर मुद्दाम फुटू देतो आणि निसटतो. या कथेवरून १८७६ मध्ये ‘फ्रँक रीड’ आणि पुढे त्याच्या मुलाची लांबलचक माला निघाली. ती माला मुख्यतः लिहिणारा लुइस सेनारेन्स कामाला लागला तेव्हा विशीच्या आतला होता.

होरेशिओ ॲल्जर (१८३२–९९) याला या वर्गात बसवावे की नाही यावर दुमत आहे. ‘रॅगेड डिक’ (पुस्तकरूपात १८६८) मधला बूटपॉलिशवाला पोरगा न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच भटकतो. त्याचे साहस म्हणजे बँकेत खाते उघडणे. कष्टाने श्रीमंती मिळते असा त्याचा संदेश सांगितला जातो, पण प्रत्यक्ष कथेत नशीब मोठे काम करते: फेरीबोटीवरून पाण्यात पडलेल्या एका मुलाला डिक वाचवतो आणि त्या मुलाचा बाप नेमका धनिक व्यापारी असतो.

१८७५ मध्ये लुइझा मे ऑलकट हिने ‘एट कझिन्स’ या आपल्या मुलांच्या कादंबरीत ऑप्टिक-पंथाला चिमटा काढला. त्यातली आई मुलांना विचारते: पंधरा ते अठरा वर्षांच्या पोरांनी जहाजे चालवावी, चाच्यांना हरवावे, तस्करांना चकवावे आणि मग ॲडमिरल फॅरागटने त्यांना जेवायला बोलावून ‘देशाचे भूषण’ म्हणावे, हे तुम्हाला स्वाभाविक वाटते का? ऑप्टिकने आपल्या मासिकातून चिडून उत्तर दिले. यातली गंमत तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. ऑलकट स्वतः काही वर्षांपूर्वीपर्यंत ‘ए. एम. बर्नार्ड’ या नावाने विष, सूड आणि कारस्थानांच्या सनसनाटी कथा साप्ताहिकांना विकत होती. तिचे ते लेखन विसाव्या शतकातच उजेडात आले.

स्वस्त पुस्तकांवर आरोप याहून जबर होते. घरातून पळालेला, चोरी केलेला किंवा खून केलेला प्रत्येक मुलगा डाइम नॉव्हेल वाचूनच बिघडला, असे वर्तमानपत्रे लिहीत. अँथनी कॉमस्टॉक या सदाचाररक्षकाने ‘ट्रॅप्स फॉर द यंग’ (१८८३) मध्ये ही पुस्तके म्हणजे मुलांसाठी सैतानाने लावलेले सापळे ठरवली. यातले काही अगदीच निराधार नव्हते. १८७७ मध्ये पाच सेंटच्या मालेत आलेला एडवर्ड व्हीलरचा ‘डेडवुड डिक’ हा बुरखाधारी दरोडेखोर असून नायक होता. पण एलिसचे उदाहरण घ्या. तोच लेखक, तीच सरहद्द, तीच अपहरणे; दहा सेंटला कागदी वेष्टनात विकली तर गल्लीतला कचरा. १८८० च्या दशकात त्याने डियरफूट या शॉनी तरुणाच्या कथा कापडी बांधणीत लिहिल्या, त्या मात्र ख्रिसमसच्या भेटीत चालल्या. कापडी खंडाला सव्वा डॉलरच्या आसपास मोजावे लागत. तेवढ्या पैशांत डझनभर कागदी कादंबऱ्या येत, आणि त्या मजुराचा पोरगा स्वतःच्या कमाईतून, घरी न विचारता घेऊ शके. टीकाकारांचा अर्धा संताप त्या न विचारण्यावर होता असे वाटते. अर्थात कापडी बांधणीही नेहमी वाचवत नसे. काही सार्वजनिक ग्रंथालयांनी ऑप्टिक आणि ॲल्जर यांनाही कपाटाबाहेर काढले.

मार्क ट्वेनची दोन पुस्तके या वर्गाच्या पोटात राहून या वर्गाचीच फिरकी घेतात. ‘टॉम सॉयर’ (१८७६) मधला टॉम असली पुस्तके वाचून वेडावलेला आहे. मित्रांसह तो बेटावर पळतो, चाचा होतो. पण घरातून उचलून आणलेल्या मांसाची बोच रात्री झोपू देत नाही, आणि शेवटी हे चाचे मनोमन ठरवतात की या धंद्यात असेपर्यंत चोरी म्हणून करायची नाही. ‘हकलबरी फिन’ (१८८४–८५) मध्ये हीच गंमत क्रूर होते. जिम हा गुलाम एका खोपटात बांधलेला आहे. साखळी पलंगाच्या पायात अडकवलेली; पलंग उचलला की सुटका. पण टॉमला ग्रंथांत वाचल्याप्रमाणे पलायन हवे, म्हणून तो भुयार, उंदीर, साप आणि रक्ताने लिहिलेली रोजनिशी असा घोळ कित्येक दिवस घालतो. मालकिणीने मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केले आहे, हे टॉमला पहिल्यापासून माहीत असते. मार्च १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डच्या ग्रंथालयाने हे पुस्तक बाहेर काढले. ट्वेनने आपल्या प्रकाशकाला कळवले की आता पंचवीस हजार प्रती नक्की खपतील.

आज ही पुस्तके वाचताना सर्वांत खटकते ते त्यांतले माणसांचे माप. आदिवासी बहुतेक ठिकाणी झाडामागून किंचाळणारा शत्रू, किंवा मग डियरफूटसारखा ख्रिस्ती झालेला अपवाद. काळे लोक विनोदासाठी. मुली सुटका करून घेण्यासाठी. वाचणाऱ्या मुली मात्र भावांची पुस्तके पळवून वाचत होत्याच. पौर्वात्य देश हे सहलीचे ठिकाण. ऑप्टिकच्या ‘अक्रॉस इंडिया’ (१८९५) मध्ये अमेरिकन मुलांचे जहाज मुंबईला लागते, आणि पुढे हिंदुस्थान म्हणजे बराचसा आकडे व माहितीचा तास होऊन बसतो. वृद्ध लेखकाच्या खिशातला खडू अजून संपलेला नव्हता. पुढल्याच वर्षी ट्वेन व्याख्यानांसाठी खरोखर मुंबईत उतरला, पण टॉम आणि हक यांना त्याने बरोबर आणले नाही.

१८७९ च्या टपाल कायद्याने नियतकालिकांना सवलतीचा दर दिला. प्रकाशकांनी लगेच कादंबऱ्यांवर अनुक्रमांक व तारीख छापून त्यांना साप्ताहिक बनवले आणि त्या सवलतीत देशभर धाडल्या. १८९६ मध्ये स्ट्रीट अँड स्मिथच्या ‘टिप टॉप वीकली’त गिल्बर्ट पॅटनने फ्रँक मेरीवेल आणला. तेव्हा सरहद्द संपली होती. साहस शाळा-कॉलेजच्या बेसबॉल मैदानावर आले. एडवर्ड स्ट्रेटमायर (१८६२–१९३०) याने ऑप्टिक आणि ॲल्जर यांची अपुरी राहिलेली कामे पुरी केली, १८९९ मध्ये ‘रोव्हर बॉइज’ माला सुरू केली आणि पुढे आराखडा आपण लिहायचा व कादंबरी भाडोत्री लेखकाने, अशी पद्धत बसवली. त्याची पुस्तके कापडी बांधणीची, पण पन्नास सेंटची होती. १९१४ मध्ये बॉय स्काउट संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी अशा मालांनी मुलांचा मेंदू उडतो असा लेख लिहिला, तेव्हा ते १८७५ चीच तक्रार नव्या किमतीला करत होते.

डाइम नॉव्हेलचा कागद हलका होता. आज त्या प्रती तपकिरी पडल्या आहेत, पान उलटताना कडा तुटून हातात येतात. १९३१ पासून जुन्या वाचकांनी ‘डाइम नॉव्हेल राउंड-अप’ हे पत्रक काढून संग्रह जमवायला सुरुवात केली. मोठे साठे आता मिनेसोटा विद्यापीठात, नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. शेवटच्या ठिकाणी त्या कोणी निवडून घेतल्या नव्हत्या. स्वामित्वहक्काच्या नोंदणीसाठी प्रकाशक प्रती जमा करत गेले आणि त्या तिथेच राहिल्या.